तालुक्याच्या चायनीज गाडीवर सुपातल्या नूडल्स कशा मागवाव्या

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात संध्याकाळी एसटी स्टँडच्या आसपास चायनीजच्या दोन-तीन गाड्या लागलेल्या असतातच. पाटीवर ड्रॅगन, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे घरघरणारी भट्टी. मेनूकार्ड हातभर लांब, पण गाडीवर नजर टाकली तर सामान मोजकंच असतं: उकडलेल्या नूडल्सची टोपली, भाताचा गंज (पातेलं), मंचुरियनचे तळून ठेवलेले गोळे, चिरलेली पत्ताकोबी, गाजर, शिमला मिरची, सुपाचा गंज आणि चार बाटल्या. सगळं कार्ड याच सामानाच्या उलटसुलट जुळणीतून तयार होतं.

म्हणून कार्डापेक्षा सामान बघून मागवावं. पावसात भिजून आलेल्या, दिवसभर बाजार करून थकलेल्या किंवा तापातून उठलेल्या माणसाला बरं वाटेल असं एक जेवण याच सामानातून निघतं, आणि बहुतेक गाड्यांच्या कार्डावर ते नसतं. ते म्हणजे पातळ सुपात शिजलेल्या मऊ नूडल्स. मोठ्या हॉटेलात हाच प्रकार ‘तालुमेन सूप’ या नावाने मिळतो. गाडीवर तो सांगून करून घ्यावा लागतो. सांगायचं काय आणि कधी, एवढं कळलं की काम झालं.

जायची वेळ

गाडीवाले नूडल्स साधारण दुपारी उकडतात, थंड पाण्यातून काढतात, तेल चोळून पसरून ठेवतात. सहाच्या सुमारास गाडी लागते. त्यामुळे साडेसहा ते आठ ही वेळ सगळ्यात चांगली. नूडल्स ताज्या असतात, तळणाचं तेल अजून काळं झालेलं नसतं, सुपाचा गंज आटून खारट झालेला नसतो आणि स्वयंपाक्याला तुमचं ऐकून घ्यायला सवड असते. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आठवडी बाजाराच्या दिवशी माल झपाट्याने खपतो, तेव्हा शिळं मिळायची भीती कमी. पण त्या दिवशी एकाच कढईत चार-पाच प्लेटी एकदम ओढल्या जातात. कढई इतकी भरली की आच पुरत नाही, भाजी परतली जाण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात वाफवते आणि नूडल्सचा गिचका होतो. बाजाराच्या दिवशी जायचं असेल तर गाडी लागताच जा.

उन्हाळ्याचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि रात्री नऊलाही हवा तापलेली असते. उकडलेल्या नूडल्स आणि शिजलेला भात असा उबेत तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा परतल्याने, उकळल्याने जात नाही. ‘भट्टीवर एवढ्या आचेत सगळं मरते’ हे नेहमीचं बोलणं इथे लागू पडत नाही. उन्हाळ्यात रात्री दहानंतर नूडल्स आणि फ्राइड राइस दोन्ही सोडा. भूक असेल तर समोर नव्याने केलेलं सूप आणि आम्लेट घ्या.

बसण्याआधी

खुर्ची पकडण्याआधी दोन मिनिटं गाडीच्या बाजूला उभे राहा. नूडल्सची टोपली झाकलेली आहे का पाहा. धागे सुटे, फिकट आणि किंचित चमकदार हवेत. बुळबुळीत दिसले, उचलताना तार सुटली किंवा आंबूस वास आला तर दुसरी गाडी. हळदीसारख्या पिवळ्याधमक नूडल्स म्हणजे रंग घातलेल्या.

मग तळणाची कढई. तेल काळपट असेल, वर फेस धरत असेल, रिकाम्या कढईतूनही धूर येत असेल, तर मंचुरियन आणि तळलेल्या नूडल्सचा विचार नको. सुपातल्या नूडल्सना तळण लागत नाही, ही त्यांची मोठी सोय. तरी एक लक्ष ठेवा: काही ठिकाणी फोडणीसाठीही त्याच कढईतून पळीभर तेल उचलतात. तसं दिसलं तर ‘डब्यातलं तेल घ्या’ म्हणून सांगायला संकोच करू नका.

मंचुरियनचा लालभडक रंग सोया सॉसने येत नाही, तिखटानेही येत नाही. खाल्ल्यावर बोटं आणि प्लेटची कड गुलाबी-नारिंगी झाली तर तो रंगच. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली ती याच कारणाने. आपल्याकडे ‘रंग न घालता द्या’ म्हटलं तर गोळे आधीच रंगवून तळलेले असतात, त्यामुळे सांगून उपयोग नसतो. गोळे तपकिरी असतील तर घ्यावे, नाहीतर सोडावे.

शाकाहारी माणसाने, विशेषतः श्रावणात, कढई वेगळी आहे का हे थेट विचारावं. अंडं, चिकन आणि पत्ताकोबी एकाच कढईत, एकाच सराट्याने परतणं ही बहुतेक गाड्यांची रीत आहे. मध्ये फक्त पाणी टाकून, झाडूने खंगाळून कढई रिकामी करतात. चालत नसेल तर ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीच्याच गाडीवर जा. लसूण-कांदा न खाणाऱ्याची मात्र तिथेही पंचाईत, कारण सुपाच्या गंजात लसूण आधीच पडलेला असतो. त्यांनी सूप कोऱ्या पाण्यावर करायला सांगावं.

सांगायचं कसं

कढई भट्टीवर चढायच्या आधी सांगा. एकदा तेल तापलं की स्वयंपाक्याचा हात सवयीने चालतो. एकाच पळीच्या टोकाने मीठ, अजिनोमोटो, मिरेपूड, मग सोया, मग व्हिनेगर, हे सगळं पंधरा सेकंदांत आत गेलेलं असतं. त्यानंतर ‘भाऊ, अजिनोमोटो नको’ म्हणून काही होत नाही.

वाक्य असं ठेवा: “भाऊ, एक सूप-नूडल्स करून द्या. तळलेल्या नाही, उकडलेल्या. सूप पातळ, सोया अर्धा चमचा, मीठ कमी, अजिनोमोटो नाही. वरून सांभार अन् लिंबाची फोड.” (सांभार म्हणजे कोथिंबीर.)

“कार्डात नाही ना ते,” असं उत्तर येईल. “हाफ नूडल्सचे अन् एका सुपाचे पैसे घ्या,” म्हणा. भाव ठरला की अडचण उरत नाही. आधी भाव न ठरवता बनवून घेतलं तर बिलात फुल प्लेट आणि सूप असे दोन्ही लागण्याची शक्यता धरा. स्वयंपाकी मराठी बोलणारा नसेल तर विदर्भात हिंदीने काम भागतंच: “भैया, उबला नूडल सूप में डाल के देना, सोया कम.” ‘तळलेल्या नाही’ हे मुद्दाम सांगायचं कारण असं की ‘सुपात नूडल्स’ म्हटलं की त्याला मंचाव आठवतो, आणि मंचावमध्ये कुरकुरीत तळलेल्या नूडल्स वरून टाकतात.

म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर पत्ताकोबी बारीक चिरून आधी शिजवायला सांगा. ज्या घरात उन्हाळ्यात शेवया वाळतात आणि आमरसासोबत सरगुंडे (हाताने वळलेल्या कणकेच्या शेवया) होतात, तिथल्या आजीला हा प्रकार परका वाटत नाही. पत्ताकोबीचा कच्चेपणा मात्र दातांना जाचतो. लहान मुलांसाठी हिरवी मिरची आणि मिरेपूड दोन्ही वगळा.

वाडग्यात काय आणि किती

एका माणसाच्या पोटभर वाडग्याला उकडलेल्या नूडल्स साधारण 150 ग्रॅम लागतात. कोरड्या 70 ग्रॅम नूडल्स उकडून एवढ्या भरतात. गाडीवरची हाफ प्लेट याच्या जवळपास असते. पातळ भाग 350 ते 400 मिली, भाजी मूठभर. गाडीवरचा सुपाचा नेहमीचा वाडगा याहून बराच लहान असतो, त्यात नूडल्स मावत नाहीत. मोठा वाडगा नसेल तर भाजीचं खोलगट भांडं मागा.

बनताना बघत उभे राहाल तर कळेल की सगळं काम चार मिनिटांचं आहे. लोखंडी कढई धुरावर येते. तेल चहाचे दोन चमचे, त्यात ठेचलेला लसूण चार-पाच पाकळ्या, तेवढंच आलं, एक हिरवी मिरची. दहा-पंधरा सेकंद पुरे. लसूण बदामी रंगाच्या पुढे गेला की कडवट होतो, आणि पातळ सुपात तो कडवटपणा लपत नाही. कोरड्या शेजवान नूडल्समध्ये लपतो, म्हणून गाडीवर तिकडे फारसं लक्ष नसतं. मग गाजर आणि पत्ताकोबी अर्धा मिनिट, मोठ्या आचेवर. भाजीला आच लागायला हवी, रंग सुटायला नको.

आता पाणी. इथे दोन वाटा आहेत. सुपाच्या गंजातून पळी ओतली तर झटपट होतं, पण गंजातलं सूप संध्याकाळपासून मंद आचेवर असतं. पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं, आणि कॉर्नफ्लोअरचा बांधा फार वेळ उकळून, त्यात व्हिनेगरचा आंबटपणा मिळून, सैल पडतो. म्हणून रात्री उशिराचं सूप एकाच वेळी खारट आणि पांचट लागतं. दुसरी वाट म्हणजे साधं पाणी टाकून दोन मिनिटं खळखळून उकळणं. ही जास्त चांगली, पण तीही सांगावी लागते. मधली तडजोड अर्धं गंजातलं, अर्धं पाणी. अशा वेळी मीठ अजिबात टाकू नका म्हणा.

मीठ, मिरेपूड, अर्धा चमचा सोया. नूडल्स सगळ्यात शेवटी, फक्त एक मिनिट. त्या आधीच शिजलेल्या असतात. दोन-तीन मिनिटं उकळल्या की फुगतात, मैदा सुपात उतरतो आणि सूप लापशीसारखं होतं. दाटपणा हवा असेल तर एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, तेही थंड पाण्यात कालवून. घाईत कोरडं पीठ किंवा गरम पाण्यात कालवलेलं टाकलं की गुठळ्या होतात. दातांखाली पांढरा चिकट गोळा येतो तो हाच. अंडं घालायचं तर आच कमी करून, फेटलेलं अंडं बारीक धारेने. खळखळत्या सुपात ओतलं तर त्याचे तलम पापुद्रे न होता चुरा होतो. चिकनचे तुकडे आजच उकडलेले आहेत का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडीवरच्या भट्टीला गॅस फार लागतो. सिलेंडरमधून गॅस वेगाने निघतो तेव्हा सिलेंडर गार पडतो. त्याच्या बुडाकडे पाण्याचे थेंब, कधी पांढरं दवही धरतं. मग दाब कमी होतो आणि ज्योत निळ्याची पिवळी, बसकी होते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे जास्त होतं, आणि अनेक गाडीवाले सिलेंडर पाण्याच्या टबात ठेवतात ते याचसाठी. अशा बसक्या आचेवर हक्का नूडल्स मागवल्या तर त्या तेलकट आणि ओल्या येतात, कितीही चांगला हात असला तरी. सुपातल्या नूडल्स मात्र चालून जातात, फक्त दोन मिनिटं जास्त लागतात. आच बसलेली दिसली की कोरडं काही मागवू नये.

खाताना

वाडगा समोर आला की आधी एक चमचा नुसतं सूप. खारट असेल तर मसाला न घातलेलं अर्धी पळी गरम पाणी मागा. लिंबू पिळून खारटपणा जात नाही. फिकं असेल तर टेबलावरच्या व्हिनेगरमधल्या मिरचीचे दोन-चार थेंब टाका, मग पुन्हा चव घ्या. शेजवान चटणी शेवटचा उपाय. तर्रीची सवय असलेली जीभ पहिल्याच घासाला चमचाभर शेजवान ओढते, आणि मग आलं, मिरे, सांभार काहीच कळत नाही. शेजवान हवीच असेल तर वाडग्यात न मिसळता बाजूला अर्धा चमचा घ्या आणि घासाला टोकाने लावा. तशीही चीनच्या सिचुआन प्रांतातल्या तिखटाशी तिचं नातं नावापुरतंच आहे. तिथला खरा गुण जीभ बधीर करणाऱ्या सिचुआन मिऱ्यांचा. आपल्या गाडीवरची चटणी म्हणजे लाल मिरची, लसूण, तेल आणि व्हिनेगर.

लिंबू टेबलावरच पिळा. सोबत काटा आणि चमचा दोन्ही घ्या: काट्याने नूडल्स चमच्यावर गुंडाळा, चमच्यातलं सूप त्यासोबतच तोंडात. फुरका मारला तर मारा, घास तेवढाच निवतो. आधी नूडल्स संपवा, सूप मागाहून प्या. आठ-दहा मिनिटांनी नूडल्स सूप पिऊन फुगतात आणि तळाला फक्त लगदा उरतो. फोटो काढून, फोनवर बोलून मग खायचा हा पदार्थ नव्हे.

अजिनोमोटोबद्दल गावोगाव भीती आहे तेवढी त्याची लायकी नाही. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळापासून ही चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली. तेच ग्लुटामेट टमाट्यातही असतं. अजिनोमोटोत सोडियम सुमारे 12 टक्के, साध्या मिठात सुमारे 39 टक्के. खरा प्रश्न बेरजेचा आहे: मीठ, सोया, अजिनोमोटो आणि गंजातल्या सुपातलं मीठ, चारही एकाच वाडग्यात. मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम मिठाची, म्हणजे 2 ग्रॅम सोडियमची. रक्तदाबाच्या माणसाने अजिनोमोटोवर वाद घालण्यापेक्षा सोया अर्धा चमचा करून घ्यावा आणि तळातलं सूप सोडून द्यावं.

चौघं असाल तर

घरचे चार जण गेले की प्रत्येकाची वेगळी फुल प्लेट मागवण्यात अर्थ नाही. दोन वाडगे सूप-नूडल्स ‘वन बाय टू’ करून घ्या, सोबत एक फुल व्हेज हक्का आणि एक हाफ मंचुरियन ड्राय. हक्का नूडल्स एका वेळी एकच प्लेट करायला सांगा. चांगली प्लेट ओळखायची खूण: धागे सुटे, पत्ताकोबी दाताखाली कुरकुरते, आणि संपल्यावर तळाला तेलाचं तळं नाही. काळपट, कडवट आली तर सोया जास्त पडून तापल्या कढईत जळला आहे. ग्रेव्हीचं मंचुरियन घेऊ नये असं आमचं मत. गोळे त्यात भिजून पिठूळ होतात आणि ग्रेव्ही म्हणजे बहुतेक वेळा दाट केलेलं तेच सूप. या पदार्थाचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये मुंबईत कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेलं चिकन सोया सॉसमध्ये टाकून दिलं होतं. पत्ताकोबीचा गोळा हा नंतरचा शाकाहारी अवतार, आणि गरम असेपर्यंतच खाण्यासारखा.

पार्सल

गावाकडे न्यायचं असेल तर घरून स्टीलचे दोन डबे आणा. उकळतं सूप पातळ पिशवीत घेणं टाळा. पिशवी सुटते तेव्हा मोटारसायकलवर मागे बसलेल्याची मांडी भाजते, शिवाय प्लास्टिकचा वास सुपाला लागतो. सूप एका डब्यात, उकडलेल्या नूडल्स दुसऱ्यात, सांभार-लिंबू कागदात. नूडल्स एकदा कढईतून गरम करून मगच डब्यात भरायला सांगा. एकत्र नेल्या तर वीस मिनिटांत सूप गायब झालेलं असतं. कोरड्या हक्का नूडल्सच्या डब्याचं झाकण पहिली पाच मिनिटं अर्धवट उघडं ठेवा, नाहीतर आतल्या वाफेने त्या ओल्या होतात.

घरी पोचल्यावर सूप गंजात उकळी येईपर्यंत तापवा, नूडल्स त्यात टाका, एक मिनिट. कोरड्या नूडल्स तव्यावर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं. तेल पुन्हा घालू नका. गाडीवरून निघाल्यापासून दोन तासांच्या आत खा, उन्हाळ्यात तासाभरात. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये. फ्रिज नसेल किंवा लोडशेडिंग असेल तर सकाळच्या डब्यासाठी ठेवू नका.